‘हे नुसतं खेळणं आहे’ या आक्षेपावर

खटका ओढला की आतून एक हात येऊन तो पुन्हा बंद करतो, अशी पेटी बनवणं हेही तत्त्वज्ञान आहे, या माझ्या म्हणण्यावर तुमचे मुद्दे दोन: आपणहून बंद होणारी पेटी हे खेळणं आहे, आणि वस्तू बनवून तत्त्वज्ञान होत नाही, आधीच ठरलेलं मत फक्त सजवलं जातं. दुसरा मुद्दा प्रदर्शनांतल्या पुष्कळ कामांना लागू पडतो. शेजारची पाटी वाचल्याशिवाय जिचा अर्थच लागत नाही, ती वस्तू नसली तरी चालेल. ही पेटी तशी का नाही, याचं उत्तर एका वायरीत आहे.

कल्पना संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांची, १९५२ची. बनवली गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी, बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत. आत सहा टर्मिनलांचा (वायर जोडायच्या टोकांचा) डीपीडीटी टॉगल, म्हणजे दोन वायरींची जोडणी एकदम बदलणारा खटका; एक मायक्रोस्विच, म्हणजे बटण दाबलं की जोडणी बदलणारा छोटा स्विच; हात हलवणारी गिअर मोटर आणि सेल. टॉगलच्या मधल्या दोन टर्मिनलांवर मोटर. वरच्या जोडीला बॅटरीचे प्लस-मायनस, खालच्या जोडीला तेच, पण उलटसुलट. खटका ओढला की हात बाहेर येऊन तो परत ढकलतो. पोलॅरिटी, म्हणजे मोटरला मिळणारे प्लस-मायनस, उलटते, हात आत जातो. आत थांबायला हवा, म्हणून फक्त खालच्या जोडीकडे जाणाऱ्या एका वायरीत मायक्रोस्विच, कॉमन आणि एनसी टर्मिनलांवर: ही जोडी एरवी जुळलेली असते, हाताने बटण दाबलं की तुटते.

आता तोच मायक्रोस्विच बॅटरीच्या मुख्य वायरीत घाला. हात एकदा आत जातो आणि पेटी मरते, कारण हात बटणावर टेकलेला असल्याने बाहेर येण्याची वाटही तुटलेली असते. सुटे भाग तेच, वायर एक हललेली. मेलेली पेटी पाहणारा झाकण उघडून सोल्डर तपासतो. चालणाऱ्या पेटीसमोर तोच माणूस पुन्हा पुन्हा खटका ओढतो, तिला चिडवतो.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९२७मध्ये मांडलं की अवजार नीट चालतं तोवर लक्ष कामावर असतं. ते मोडलं, हाताशी नसलं किंवा आडवं आलं, की स्वतः नजरेत भरतं. मेलेली पेटी पहिल्या प्रकारात चपखल बसते. चालणारी कुठेच बसत नाही: ती मोडलेली नाही, समोरच आहे, आणि आडवं यायला दुसरं काही काम चाललेलंच नाही. तरी नजरेत भरते. बिघाड आणि नकार हे दोन वेगळे अनुभव आहेत. हे वादातूनही निघालं असतं, मान्य. पण वादात दोन्हींना ‘चालत नाही’ म्हणून मोकळं होता येतं. वायर जोडताना तसं होता येत नाही, ती कुठे जाते हे ठरवावंच लागतं.

बनवून पाहणार असाल तर ३ ते ६ व्होल्टची मोटर घ्या. ६ला हात झटक्यात येतो, ३ला रेंगाळतो, आणि पेटीचा ‘स्वभाव’ बदलल्यासारखा वाटतो. मात्र ३ व्होल्टवर कडक खटक्याशी हात अडकू शकतो. अडकलेली मोटर कितीतरी पट जास्त करंट खेचते आणि तापते. अशा वेळी व्होल्टेज वाढवू नका. हात आखूड करा म्हणजे जोर वाढेल, आणि तो खटक्याच्या मुळाशी नव्हे, टोकाशी लागू द्या. खटका ओढताच हात बाहेर यायचा सोडून आतच रेटत राहिला, तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

माझं म्हणणं खोडायचं तर एकसारख्या दोन पेट्या करा, एक चुकीच्या जोडणीची. काही न सांगता लोकांपुढे ठेवा आणि दोन्हींचं वर्णन करायला सांगा. दोन्हीकडे तीच क्रियापदं आली, तर तुमचा आक्षेप टिकला. झाकण मात्र अपारदर्शक हवं, नाहीतर लोक गिअरबद्दलच बोलत बसतात.