डान्झिग देऊन युद्ध टळलं असतं?

१ सप्टेंबर, म्हणजे १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तो दिवस, जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘हिटलरला फक्त डान्झिग शहर आणि तिथून जाणारा एक रस्ता हवा होता. ब्रिटनने पोलंडला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. पोलंडने थोडं नमतं घेतलं असतं तर महायुद्ध टळलं असतं, कोट्यवधी जीव वाचले असते.’ हे वाचून कळवळणारी माणसं प्रामाणिक असतात, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं.

मुळात डान्झिग (आजचं ग्दान्स्क) पोलंडचं नव्हतंच. १९२० पासून ते राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचं मुक्त शहर होतं. वस्ती बहुतांशी जर्मन, आणि १९३३ पासून कारभारही तिथल्या नाझींच्या हाती. पोलंडकडे होते ते बंदर, रेल्वे, जकात आणि टपालाचे हक्क.

हिटलरला तरी ते एवढंच हवं होतं का? २३ मे १९३९ ला त्याने आपल्या सेनाधिकाऱ्यांना स्वच्छ सांगितलं, की वाद डान्झिगचा नाहीच, प्रश्न पूर्वेकडे जमीन मिळवण्याचा आहे. त्याच्या लष्करी सहायकाने, श्मुंटने, हे टिपून ठेवलं होतं. पोलंडवरच्या हल्ल्याची तयारी १ सप्टेंबरपर्यंत पुरी करा, हा हुकूम तर एप्रिलमध्येच सुटला होता.

‘पण हिटलरने शेवटी १६ कलमी उदार प्रस्ताव दिला होता ना?’ ३० ऑगस्टची मध्यरात्र, बर्लिनचं परराष्ट्र खातं. जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने ती कलमं ब्रिटिश राजदूत हेंडरसनपुढे जर्मनमध्ये भराभर वाचली. हेंडरसनने प्रत मागितली. ती मिळाली नाही: पोलिश प्रतिनिधी मुदतीत आला नाही, आता प्रस्ताव बाद! दुसऱ्या रात्री जर्मन रेडिओने सांगून टाकलं, पोलंडने प्रस्ताव धुडकावला. ज्याला तडजोड हवी असते तो कागद लपवून ठेवत नाही.

आणि नमतं घेऊन पाहिलं नव्हतं असं थोडंच आहे? सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन भाग, तिथल्या तटबंदीसकट, हिटलरला देऊन टाकला. चेक प्रतिनिधींना बैठकीत जागाही नव्हती; हॉटेलात थांबवून निर्णय तेवढा हातात दिला. ही युरोपातली शेवटची मागणी, असं हिटलर तेव्हा जाहीर सभेत म्हणाला होता. साडेपाच महिन्यांत, १५ मार्च १९३९ ला, त्याचं सैन्य प्रागमध्ये होतं. चेक कारखान्यांतले रणगाडे पुढे जर्मन सेनापती रोमेलच्या डिव्हिजनबरोबर फ्रान्समध्ये शिरले.

म्युनिकमुळे ब्रिटनला लढाऊ विमानं बांधायला वर्षभर मिळालं, हे खरं. पण त्याने युद्ध पुढे गेलं, टळलं नाही.

राहिला जीव वाचण्याचा मुद्दा. प्राग वाचावं म्हणून चेक राष्ट्राध्यक्ष हाखाने त्याच १५ मार्चला बर्लिनमध्ये पहाटे शरणागतीच्या कागदावर सही केली होती. प्रागवर बॉम्ब टाकू, ही धमकी ऐकून म्हातारा भोवळ येऊन पडला, त्याला इंजेक्शन देऊन उभं केलं गेलं. त्याच शरण गेलेल्या देशात, तिथला नाझी कारभारी हायड्रिख याच्या हत्येचा सूड म्हणून, १० जून १९४२ ला लिडित्से गावच्या १७३ पुरुषांना एका शेतवाडीत गोळ्या घातल्या. गोळ्या उलटून शिपायांना लागू नयेत म्हणून भिंतीला गाद्या लावल्या होत्या, गावातल्याच घरांमधून आणलेल्या.