ब्रांकुशीचं इंदूरचं देऊळ कुणी पाडलं नाही, कारण ते बांधलंच नव्हतं

आधी रामबागेतल्या मावशीने एक फॉरवर्ड पाठवला, मग भिशीच्या ग्रुपवर आला, मग पुण्याच्या आत्येभावाने "ताई, हे खरं का गं? तू तर माणिकबागेजवळच राहतेस" म्हणून पाठवला. आता लिहिणं भाग आहे.

ज्यांच्यापर्यंत फॉरवर्ड अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी महाराणी वारल्यावर तिच्या आठवणीत जगप्रसिद्ध शिल्पकार ब्रांकुशीकडून इंदुरात शिवमंदिर बांधून घेतलं, दुसरा ताजमहालच म्हणे, तेही फ्रान्सचा नामांकित आर्किटेक्ट ल कार्बुझिए याने बांधलेल्या माणिकबाग पॅलेसच्या आवारात. स्वातंत्र्यानंतर सरकारने ते पाडलं, आतले तीन सोन्याचे पक्षी इंग्रजांनी पळवले, इंदूरच्या अडाणी लोकांना किंमत कळली नाही, आता मूळ नकाशावरून पुन्हा बांधूया, सही करा. सोबत एक झगमगीत फोटो. फोटोकडे शेवटी येते.

सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण महाराज खरे, ब्रांकुशी खरा, तो इंदूरला आला होता हेही खरं, पक्षी तर आहेतच, आणि त्या खऱ्याच्या पिठात बाकीचं असं मळलंय की निवडून काढायला बसावं लागतं.

माणिकबागेचं पटकन उरकते. ती ल कार्बुझिएची नाहीच. ती एकार्ट मुथेसियुस नावाच्या जर्मन आर्किटेक्टची, काम सुरू झालं १९३० ला तेव्हा पोरगा होता पंचवीस-सव्वीस वर्षांचा, आणि महाराज त्याच्याहूनही चार वर्षांनी लहान. कार्बुझिएच्या स्टुडिओतली आडवं पडायची खुर्ची आत होती, आयलीन ग्रे या डिझायनरची होती, रुलमान या डिझायनरचं फर्निचर होतं. खुर्चीवरून अख्खा पॅलेस त्याच्या नावावर केलाय लोकांनी.

आता "पाडलं". अहो पाडणार काय, एक वीट सुद्धा रचली गेली नव्हती. ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात पॅरिसहून इंदूरला आला तो हेच देऊळ उभं करायचं म्हणून, तेव्हा साठी ओलांडलेली होती त्याची, आणि इथे येऊन बघतो तर महाराज काही त्याच्या वाट्याला फारसे आलेच नाहीत, त्याच वर्षी महाराणी गेलेल्या, तब्येत आणि मन दोन्ही ठिकाणावर नाही. थोडे दिवस राहिला आणि परत गेला. पुढच्या वर्षी युरोपात युद्ध पेटलं, विषय तिथेच बसला. आणि होळकर संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झालं १९४८ ला (राजप्रमुख, म्हणजे त्या राज्याचे प्रमुख, ग्वाल्हेरचे शिंदे झाले आणि आमचे महाराज उपराजप्रमुख, हे इंदुरातली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत, पण तो वेगळा राग आहे). म्हणजे सरकारला दोष द्यायला सरकार यायच्या दहा वर्षं आधीच गोष्ट संपली होती.

दुसरा ताजमहाल हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते ऐकायला गोड आहे. महाराणी संयोगितादेवी १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, फार लहान वयात. हे दुःख खरंच आहे, त्याची थट्टा नाही करायची मला. पण त्या देवळात बसवायचे पक्षी, म्हणजे ब्रांकुशीची शिल्पं, १९३१ ते १९३६ मधले आहेत, महाराजांनी ते घेतले तेव्हा महाराणी चांगल्या हयात होत्या, दोघं जोडीने पॅरिसमध्ये हिंडत होते, मॅन रे हा फोटोग्राफर त्यांचे फोटो काढत होता, आणि आन्री-पिएर रोशे नावाचा लेखक मध्यस्थ होता त्याने महाराजांची ब्रांकुशीशी गाठ घालून दिली. म्हणजे सुरुवात झाली ती दोन जिवंत माणसांच्या आवडीतून. त्या गेल्यावर त्या कल्पनेला स्मारकाचा रंग चढला असेल, चढणारच. पण शहाजहान मध्ये आणला की पंचवीसेक वर्षांचे ते महाराज, जे आधुनिक कलेत खरोखर रस घेत होते, ते गायबच होतात आणि उरतो फक्त रडणारा राजा.

शिवमंदिर म्हणायचं कारण कळतं. अहिल्याबाईंच्या हुकुमांवर श्रीशंकराचं नाव असायचं, होळकर म्हटलं की महादेव आलाच. पण ब्रांकुशीच्या डोक्यात कुठल्याच देवाची मूर्ती नव्हती. तो रोमानियातल्या होबित्सा गावचा शेतकऱ्याचा पोर, तिबेटी संत मिलारेपाचं पुस्तक उशाशी ठेवणारा. त्याच्या जवळच्या लोकांच्या आठवणींत जे येतं ते असं: लहानशी बंद खोली, बाहेरून दार नाही, खिडकी नाही, आत जायचं तर जमिनीखालच्या वाटेने, आत पाण्याचा चौकोनी हौद, हौदाभोवती तीन पक्षी, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या, एक ब्राँझचा घासून लख्ख केलेला, आणि छताला एक भोक, वर्षातल्या ठरावीक वेळी ऊन बरोबर ब्राँझच्या पक्ष्यावर पडावं म्हणून. एकट्याने जाऊन गप्प बसायचं. म्हणजे गाभाराच की, फक्त सभामंडप, घंटा, पुजारी, चपलांचा स्टँड, सगळं वजा केलेलं. मला विचाराल तर हे शिवमंदिर नाही म्हणून कमी होत नाही.

"तीन सोन्याचे पक्षी" वर आत्येभाऊ विशेष भाळला होता. एक ब्राँझ, दोन दगड, बस. आणि पक्षी म्हणजे तरी काय, चोच नाही, पंख नाहीत, वर निमुळता होत गेलेला एक झोत. या पक्ष्याचे संगमरवरी सात आणि ब्राँझचे नऊ असे नमुने त्याने आयुष्यभर केले, त्यातले हे तीन. इंग्रजांनी पळवले म्हणावं तर पांढरा-काळा जोडा ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने विकत घेतला १९७३ ला, इंग्रज जाऊन तोवर २६ वर्षं झाली होती! ब्राँझचा कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये आहे. हळहळ वाटते का, वाटते ना. पण विकत गेलेल्या वस्तूला चोरी म्हणून कसं चालेल.

यातलीच एक गंमत. याच मालिकेतला दुसरा एक पक्षी १९२६ ला न्यूयॉर्कला उतरला तेव्हा तिथल्या कस्टमवाल्यांनी ही कला नाही म्हणून स्वयंपाकाची भांडी आणि हॉस्पिटलचं सामान या खात्यात टाकून ४० टक्के जकात लावली, ब्रांकुशी कोर्टात गेला आणि १९२८ ला जिंकला. आणि ज्या माणिकबागेच्या मालकासाठी हे इंदूरचे पक्षी घेतले गेले तिथे आज कुठलं ऑफिस आहे? सेंट्रल एक्साइज आणि जीएसटीचं.

इंदूरचे लोक अडाणी, या मुद्द्याला मी फार भाव देत नाही, पण देवळालीकर मास्तरांची चित्रकलेची शाळा इथे १९२७ पासून होती, चित्रकार बेंद्रे आणि हुसेन त्या शाळेचे विद्यार्थी. ब्रांकुशी इथे येऊन गेला तेव्हा शाळेला दहा वर्षं झाली होती. पोहे-जिलबी खाणाऱ्यांना आर्ट कळत नाही हा शोध बाहेरच्यांनी लावलाय आणि फॉरवर्ड आपणच करतोय.

राहिला नकाशा, आणि सहीचा सगळा डोलारा त्याच्यावरच आहे. न बांधलेल्या इमारतींचे नकाशे असतात, खूप असतात. फ्रान्सच्या बुले नावाच्या आर्किटेक्टने न्यूटनच्या स्मारकाचा दीडशे मीटर उंच गोल १७८४ ला कागदावर इतका नीट काढलाय की आजही बघून छाती दडपते. रशियाच्या टाटलिनने ४०० मीटरच्या मनोऱ्याचं मॉडेल करून १९२० ला लोकांना दाखवलं होतं. त्यांचं कुणी पुन्हा करायला घेतलं तर धरायला काहीतरी आहे. ब्रांकुशी त्या जातीचा नव्हता, तो दगडाला थेट हात घालायचा, महिनोन्महिने स्वतः घासत बसायचा, जागेवर जाऊन ठरवायचा, आणि इंदूरची जागा बघून ठरवायची वेळ आली तेव्हाच काम अडलं. ज्याला "मूळ नकाशा" म्हणताय, इंजिनिअरच्या हातात देता येईल असा, तो नाहीच. उद्या बांधलंच तर ते आजच्या कुणा आर्किटेक्टचं देऊळ होईल, त्याच्यावर त्याचंच नाव घाला.

त्याच हिवाळ्यात, इंदूरला यायच्या थोडं आधी, रोमानियात तर्गू जिऊला त्याचा जवळजवळ तीस मीटरचा अंतहीन स्तंभ उभा राहिला होता. तिथे त्याच्या मागे कोण होतं तर गोर्ज जिल्ह्यातल्या बायकांची संघटना, पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या माणसांसाठी स्मारक हवंच म्हणून हटून बसलेल्या. १९३८ च्या ऑक्टोबरात उद्घाटन सुद्धा झालं. इथे सगळं एका माणसाच्या मनावर होतं आणि त्या वर्षी ते मन मोडलेलं होतं. व्हिलन शोधत बसलात तर कुणी सापडणार नाही.

आता तो फोटो. कॉम्प्युटरने बनवलाय हे सांगायला नकोच, सोनेरी घुमट, वर पंख पसरलेला गरुड, खाली संगमरवरी पायऱ्या, भलामोठा दरवाजा आणि दोन्ही बाजूंना सोंड वर केलेले हत्ती. ज्या खोलीला बाहेरून दारच ठेवायचं नव्हतं, तिच्या दाराशी दोन हत्ती.