पार्टी येत आहे, झोपाळा काढा

बडोद्यातील दलाल दलाली दोन्ही बाजूंकडून घेतो, आमच्याकडून एक टक्का आणि घेणाऱ्याकडून एक टक्का, आणि या दोन टक्क्यांना जागून तो एकाच घराची दोन वर्णने जवळ बाळगतो. कारेलीबागेतील आमचे टेनामेंट, म्हणजे सोसायटीतले स्वतंत्र बैठे घर, विकायला काढल्यापासून ती दोन्ही मला तोंडपाठ झाली आहेत. आमच्यासमोर चहा पिताना आमचे दलाल, ज्यांना आम्ही नुसते भाई म्हणतो, हळहळत सांगतात, "काका, खरं सांगू? मकान जुनं आहे. घेणारा पाडूनच टाकणार, पैसे फक्त जमिनीचे." पार्टी, म्हणजे घर बघायला येणारे गिऱ्हाईक, दारात आली की तेच भाई भिंतीवर थाप मारून म्हणतात, "जुओ, चौद इंचनी भींत! आजे आवुं बांधकाम कोण करे छे?" मी मध्ये उभा राहून दोन्ही वेळा मान डोलावतो. चौदा इंचांबद्दल तरी मला शंका नाही, कारण या भिंतीत मी ठोकलेला एकही खिळा आजवर सरळ गेलेला नाही.

घर विकण्याचे कारण साधे आहे. पत्नीला गुडघ्यांमुळे गच्चीचा जिना चढवत नाही, मुलगा पुण्यात स्थायिक झाला आहे, आणि वासणा-भायलीकडे लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यावा असे घरातील सर्वांचे, म्हणजे मुलाचे, मत पडले.

भाईंचा पहिला हुकूम असा होता की घर मोकळे दिसले पाहिजे. दांडिया बाजारातील भाड्याच्या जागेतून इथे येताना वडिलांनी जे जे आणले ते माळ्यावर होते, आणि त्यानंतर आम्ही जे जमवले तेही माळ्यावरच होते: पाणी तापवायचा तांब्याचा बंब, गणपतीची जुनी मखरे, घरपट्टीच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे. पस्तीवाल्याने अंक काट्यावर ठेवले तेव्हा पत्नीने "हा नको, यात पाककृती आहेत" असे म्हणत एकेक अंक परत घेऊन वजन इतके उतरवले, की शेवटी आमची कीव करून तो रिकाम्या पोत्यानिशी निघून गेला.

परंतु खरा प्रश्न झोपाळ्याचा होता. गुजरातेत राहणाऱ्या मराठी घराने दुसरे काही उचलले नसले तरी वरणात गूळ आणि दिवाणखान्यात झोपाळा या दोन गोष्टी उचललेल्या असतात. आमचा झोपाळा सागवानी पाटाचा आणि पितळी कड्यांचा. त्याने दिवाणखाना लहान दिसतो, सबब "हिंचको काढी नाखो" असा निकाल भाईंनी दिला. पत्नी मटार सोलायला दुसरीकडे कुठेही बसत नसल्याने तो कायमचा काढणे शक्य नव्हते. त्यामुळे पार्टी निघाल्याचा फोन आला की मी स्टुलावर चढून कड्या सोडवायच्या, पाट पलंगाखाली सरकवायचा आणि पार्टी गेली की सारे पुन्हा जागेवर लावायचे, असा क्रम सुरू झाला. छताला उरलेले चार आकडे पाहून एका गृहस्थांनी इथे पूर्वी काय टांगत होता, असे जरा दबकत विचारले.

रंग फक्त पार्टीची नजर जाते तिथपर्यंत द्यायचा होता, पण कंपाउंडच्या भिंतीवरील तपकिरी रेघ मात्र सर्वांत आधी पुसायची होती. ही रेघ ऑगस्ट 2024 मधील पुराची. त्या वेळी विश्वामित्री नदीची पातळी 35 फुटांच्या वर गेली होती, आणि पाणी आमच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीला लागून परतले होते. पत्नीने रेघ पुसू दिली नाही. पाणी घरात शिरले नाही याचा एवढा एकच पुरावा आपल्याकडे आहे, तो आपणच का मिटवायचा, असे तिचे म्हणणे. भाईंना हा युक्तिवाद पटायला वेळ लागला, परंतु पटल्यावर त्यांनी तो स्वतःचाच करून टाकला, आणि तेव्हापासून ते प्रत्येक पार्टीला आधी रेघ दाखवतात आणि मग घर. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून शहराला पाणी दिले, हे सांगताना वडिलांचा ऊर भरून येत असे. त्याच आजव्यातून सोडलेले पाणी कुठवर आले होते, याची चौकशी आता अनोळखी माणसे आमच्या ओट्यावर उभी राहून करतात. एका लहान मुलाने मगर आली होती का, असे विचारले. विश्वामित्रीतल्या मगरी पुरात वस्तीत येतात हे बडोद्यात पोरासोरांनाही ठाऊक असते, म्हणून मी खरे ते सांगितले, की आमच्याकडे नाही, मागच्या सोसायटीत आली होती. त्याचे वडील गंभीर झाले, आणि मुलगा मागची सोसायटी बघायची म्हणून हटून बसला.

वास्तुशास्त्र मानणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती मंडळी थांबतातही थोडकीच: आमचे स्वयंपाकघर ईशान्येला आहे.

जमेल असे वाटणारी पार्टी आली ती तीन पिढ्यांसह. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के आणि शिवाय नोंदणी शुल्क 1 टक्का लागते. मात्र खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर नोंदणी शुल्क माफ होते. त्यामुळे दस्तावेज सुनेच्या नावाने व्हायचा होता, भाव मुलगा करत होता, पैसे सासरे देणार होते आणि निर्णय सासूबाई घेत होत्या. भाईंनी त्यांना दिवाणखान्यात बसवले, आम्हाला स्वयंपाकघरात बसवले आणि स्वतः मधल्या दारातून येरझारा घातल्या. जंत्रीचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले जमिनीचे दर एप्रिल 2023 मध्ये दुप्पट झाले आहेत, तेव्हा पार्टी हात आखडणारच, हे आमच्यासाठी होते. सरकारी जंत्रीच एवढी वाढली, तर बाजारभाव काय असेल याचा विचार करा, हे त्यांच्यासाठी. किंमत 50 लाखांच्या वर असल्याने घेणाऱ्याला एक टक्का टीडीएस कापून भरावा लागतो, असेही भाईंनी आम्हाला समजावले. सरकारचा तो टक्का निदान विवरणपत्रात वळता करून घेता येतो, भाईंचा येत नाही.

आकडा जवळजवळ ठरला तेव्हा सासूबाईंनी मान वर करून छताकडे पाहिले आणि विचारले, "हिंचको क्यां गयो?" झोपाळा असेल तरच सौदा, नाहीतर नाही. पत्नी ठाम राहिली, तो आमच्याबरोबर नव्या फ्लॅटमध्ये जाणार. त्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात सोफा ठेवल्यावर झोपाळा हलायला जागा राहत नाही, हे तिने स्वतः टेप लावून पाहिले होते, परंतु सासूबाईंना ते कळण्याचे काही कारण नव्हते. भाई घामाघूम होऊन दोन्ही खोल्यांतून फिरले. पंचवीस हजारांपासून उतरत झोपाळा अखेर 11,000 रुपयांना वेगळा ठरला, आणि भाईंनी सवयीने त्यावरही एक टक्का धरला. पत्नीने डब्यातून एकशे दहा रुपये मोजून त्यांच्या हातावर ठेवले आणि कोपऱ्यातले स्टूल पुढे सरकवले. पाट पलंगाखाली आहे, असे तिने सांगितले, आणि कड्या लावून देणे या दलालीत आले.