घरगुती घातक

गेल्या रविवारी माझ्या कचऱ्याचं जाहीर वाचन झालं. श्रोते साठेक. त्यात दुसऱ्या रांगेत, खुर्ची क्रमांक तीनवर, माझी बायको.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'ओला-सुका कचरा : जनजागृती मेळावा' होता. फ्लॅट दोनशेच्या वर, आले साठ. मी गेलो, कारण पत्रकाच्या तळाशी 'अल्पोपाहाराची सोय केली आहे' असं होतं. दहाचा कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांमुळे सव्वाअकराला सुरू झाला. 'प्लास्टिक टाळा' असं छापलेला प्लास्टिकचा फ्लेक्स, त्याखाली टेबलावर पाण्याच्या इवल्याशा आठ बाटल्या वगैरे मी सांगत बसत नाही, तुम्हीही असल्या मेळाव्यांना जाता.

दीपप्रज्वलन आटोपल्यावर एका संस्थेची चुणचुणीत मुलगी उभी राहिली. खरं सांगायचं तर ती चांगलं बोलत होती. २०१६ च्या नियमांनी कचऱ्याचे तीन भाग घरातच करायला सांगितले होते, ओला, सुका आणि घरगुती घातक; पाच हजार चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. ती हे सांगत असताना आमचे चेअरमन पंख्याकडे बघत होते. आमचा गांडूळखताचा हौद तीन वर्षांपासून मुलांच्या क्रिकेटमध्ये 'डायरेक्ट आउट' म्हणून वापरात आहे.

मग तिने जमिनीवर प्लास्टिकचा कागद पसरला आणि हातमोजे घातले. "सकाळी तुमच्याच ड्रममधून नमुन्याला एक पिशवी उचलली आहे. कोणाची आहे मला माहीत नाही. कोणाला लाजवायचा हेतू नाही."

इथे बी-विंगचे अप्पा उठले.

अप्पा आरएमएसमधून निवृत्त झाले. आरएमएस म्हणजे रेल्वेची टपालसेवा. चालत्या गाडीत, समोर खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि पुढचं स्टेशन यायच्या आत प्रत्येक पत्र आपापल्या खणात. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. निवृत्तीनंतर त्यांना वर्गीकरण करायला काहीच उरलं नव्हतं. 'वर्गीकरण' हा शब्द माइकवरून ऐकला आणि माणूस पेटला.

"बेटा, बाजूला हो. हे सॉर्टिंग आहे. हे माझं काम आहे."

"काका, हातमोजे तरी..."

"आम्ही लाखेचे डाग घेऊन जेवलोय."

त्यांनी पिशवी उपडी केली. केळ्याची सालं, चहाचा चोथा, कांद्याची टरफलं. अप्पांचा हात असा चालत होता की क्षणभर पार्किंग हलतंय असं वाटलं. ओलं डावीकडे, सुकं उजवीकडे, संशयास्पद मध्ये. दुधाची पिशवी निघाली तेव्हा ती उलटीसुलटी करत म्हणाले, "हिचा कापलेला कोपरा कुठाय? तो तेवढाच हरवतो आणि गटारात जातो." हे मात्र खरं आहे. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाची पिशवी परत दिली की ५० पैसे मिळणार असं ठरलं होतं. मी बरेच दिवस पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या. माझे आठ आणे अजून यायचे आहेत.

मग निघालं एक कुरिअरचं खोकं. वर चिकटवलेला पत्ता, चहाने भिजून अर्धा गेलेला.

शहाण्या माणसाने ते सुक्यात टाकलं असतं. अप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"अपुरा पत्ता," ते माइकवर म्हणाले. माइक त्यांच्या हातात कधी आला, कोणाला कळलं नाही. "असली पत्रं आमच्याकडे रोज यायची. आम्ही परत नाही पाठवली. शोधून काढायचो. पिनकोड बघा. चार-एक-एक, म्हणजे पुणे झालं. पुढचे तीन आकडे म्हणजे आपलं पोस्ट ऑफिस. हा पिनकोड कोणी काढला माहितीय का कोणाला?"

कोणालाच माहीत नव्हतं. प्रमुख पाहुण्यांनी फोन काढला.

"श्रीराम भिकाजी वेलणकर! आपला मराठी माणूस. संस्कृतात नाटकं लिहिणारा. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याच्या आधी एकाच नावाची गावं इतकी, की पत्र कुठल्या कुठे जायचं. टाळ्या वाजवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपल्याच पंचनाम्याला टाळ्या वाजवणारा आरोपी मीच पहिला असेन.

"आता फ्लॅट नंबर. चार, शून्य, आणि पुढचा आकडा भिजलाय. चार किंवा नऊ."

"नऊ असेल," मी म्हणालो. मी हे का बोललो ते अजून कळत नाही. साठ माना माझ्याकडे वळल्या. चारशे नऊवाले आले नव्हते. ते कधीच येत नाहीत. जो येतच नाही त्याची लाज जायचा प्रश्नच नाही, हे मला त्या क्षणी समजलं.

अप्पांनी कागद उजेडाकडे धरला. "नवाची शेपूट वळते. ही सरळ आहे. चारशे चार. टपाल पोचलं."

इथवर ठीक होतं. खोक्याखाली मिठाईचं खोकं होतं. अप्पांनी ते उघडून वास घेतला.

"काजूकतली. अर्धा किलोचं. रिकामं." ते उजवीकडे ठेवलं. मग औषधाच्या गोळ्यांची पट्टी निघाली. ती त्यांनी हाताच्या अंतरावर धरून वाचली. "ही शुगरची. दहाच्या दहा आत आहेत, मुदत संपलेली." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "बेटा, ही कशात?"

ती बिचारी हळूच म्हणाली, "घरगुती घातक."

बायकोने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात हे माझं नाव आहे.

मला राग कशाचा आला, ते नीट सांगतो. काजूकतलीचा नाही. ती मी खाल्ली, आणि चांगली होती. राग आला तो पुढच्या दहा मिनिटांचा. आमच्याकडे रोज कचरा न्यायला येणाऱ्या दोन बायकांना मेळाव्याला मुद्दाम बोलावलं होतं. त्या दीड तास मागे जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. अप्पांना वीस मिनिटं मिळाली, पाहुण्यांना पंचवीस. त्यांच्यातल्या एकीला सगळ्यात शेवटी माइक दिला. ती म्हणाली, "काच पेपरात गुंडाळून द्या. वर लाल पेनानं काच म्हणून लिवा. हात कापतो. आन्..." तेवढ्यात सेक्रेटरींनी "वेळेअभावी" म्हणून माइक काढून घेतला, कारण पाहुण्यांचा सत्कार राहिला होता. त्या 'आन्'च्या पुढे काय होतं, ते मला आठवडाभर खुपतंय. दीड तासात कामाचं वाक्य तेवढंच होतं.

सत्कार शाल-श्रीफळाने झाला. नारळाची शेंडी ओली की सुकी, असं एका छोट्या मुलाने विचारलं. त्याला आईने खाली बसवलं.

आपलं शहर मुळात श्रोत्यांचं. वसंत व्याख्यानमाला इथे १८७५ पासून चालू आहे. आपण इतकं ऐकलंय, की ऐकलं म्हणजे केलं असंच वाटतं. तिकडे गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आम्ही क्रम फिरवला आणि दुसरा भाग विसरलो. २०१७ मध्ये उरुळी देवाचीच्या डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात ढीग साचले, तेव्हा कोपऱ्यावरून जाताना मी नाकाला रुमाल लावून त्या गावकऱ्यांनाच नावं ठेवत होतो. हे मी मेळाव्यात सांगितलं नाही. तेवढं एक अप्पांच्या हाती लागलं नाही.

वडे गार होते. सोबत चटणी, प्लास्टिकच्या पुडीत. त्याच संध्याकाळी आमच्या हाउसकीपिंगवाल्याने ओल्याचा हिरवा ड्रम सुक्याच्या निळ्यात रिकामा केला. मी खिडकीतून पाहिलं. म्हटलं ओरडावं, पण कोणत्या तोंडाने?

सोमवारी सकाळी दार उघडलं तर कडीला एक पिशवी टांगलेली. वर लाल स्केचपेनने, वळणदार अक्षरात: 'वर्गीकरण अपूर्ण. प्रेषकास परत. चारशे चार.'

बायको म्हणाली, "बघा, आली तुमची टपाल."

मी मुकाट्याने गच्चीत पेपर पसरला आणि पिशवी उपडी केली. सीताफळाच्या बिया, लहान बाळाचे डायपर, मांजराच्या खाण्याची तीन पाकिटं. आमच्याकडे बाळ नाही, मांजर नाही, आणि सीताफळ मला बंद आहे.

अप्पांना जाऊन सांगायला हवं होतं, की या खेपेला नऊच होता. पण तेव्हा ते खाली ड्रमपाशी उभे होते. हातात नवी पिशवी, आणि चष्मा नाकावर.

बिया डावीकडे केल्या, पाकिटं उजवीकडे. डायपर कशात, ते विचारायला त्या मुलीचा नंबर घेतला नव्हता.