जाळी फुकट जात नाही

एका वाचकांनी लिहिलंय, 'डासांना औषध लागूच पडत नाही, मग गडचिरोलीत मलेरियासाठी औषधी मच्छरदाण्या वाटणं म्हणजे पैशाचा चुराडा.' इतकं सरळ नाहीये हो ते. औषधाने डास मेला नाही तरी जाळी आड येतेच. खरी अडचण जुन्या, फाटक्या मच्छरदाणीची. भोकातून शिरणाऱ्या डासाला औषधच आवरतं, आणि तिथेच डासांची औषध पचवण्याची ताकद नडते.

त्यावरही उपाय निघालेत. या मच्छरदाण्यांवर पायरेथ्रॉइड नावाचं कीटकनाशक असतं. काही डास ते शरीरातल्या विकरांनी (एन्झाइम्सनी) मोडून टाकतात. त्यात पीबीओ नावाचं रसायन मिसळलं की ती विकरं अडतात. क्लोरफेनापिर या दुसऱ्या कीटकनाशकाची गंमत वेगळी: डासाची तीच विकरं त्याचं विषात रूपांतर करतात आणि पेशींमधली ऊर्जानिर्मिती बंद पडते. म्हणजे डासाचं हत्यार डासावरच! टांझानियातल्या चाचणीत साध्या औषधी मच्छरदाणीपेक्षा क्लोरफेनापिरवाल्या मच्छरदाण्यांनी मुलांमधला मलेरिया बराच कमी केला, आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची ठाम शिफारस केली. महाग आहेत, हे मान्य.

आता आपल्या पुण्याचं. इथे ओरड डेंग्यूची, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास चावतो दिवसा. तेव्हा रात्रीच्या मच्छरदाणीवर सगळी भिस्त नको. गच्चीवरच्या टाकीचं झाकण आधी बघा. शहरी मलेरिया पसरवणारा डास, अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्साय, तोही तिथेच वाढतो. (सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर दोन तास, टाकीवर शून्य मिनिटं!)

आणि कुणाकडे औषधी मच्छरदाणी असेलच, तर धुऊन कडक उन्हात घालू नका, सावलीत वाळवा. उन्हाने औषध उतरतं.