अडवत कोणी नाही, मग अडतंय कुठे?

‘अहो, त्यांना एकत्र राहायला कोण अडवतंय? राहा ना बापडे! लग्नाचा हट्ट कशाला?’

टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये परवा समलिंगी जोडप्यांच्या लग्नावरून हा प्रश्न आला आणि निम्म्या माना डोलल्या. विचारणारे गृहस्थ भले आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून बाहेर काढले, तेव्हा ‘उशिरा का होईना, बरं झालं’ असं म्हणणाऱ्यांपैकी ते एक. पण लग्नाचा विषय निघाला की त्यांचं गाडं अडतं. माझी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं मयत खातेदारांच्या क्लेमच्या टेबलावर गेली, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

समजा, दोन पुरुष कोथरूडला एका फ्लॅटमध्ये संसार करताहेत. फ्लॅट एकाच्या नावावर, हप्ते दोघांच्या पगारातून. ज्याच्या नावावर घर, तो आजारपणात गेला. मृत्युपत्र नाही. बायको असती तर हिंदू वारसा कायद्यानं ती पहिल्या वर्गातली वारस ठरली असती. इथे आई वारस. ती नसेल तर वडील, मग भावंडं, मग भाचे-पुतणे. ज्यांनी वर्षानुवर्षं या घराचा उंबरा ओलांडला नाही, ते मालक. आणि उशापायथ्याशी बसून ज्यानं आजारपण काढलं, तो कायद्याच्या लेखी भाडेकरूसुद्धा नाही.

‘मग नॉमिनेशन करावं की!’ करावंच. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं पत्रक काढलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. वर्तमानपत्रांनी केवढं कौतुक केलं! पण आडकाठी आधीही नव्हती. नॉमिनी म्हणून तुम्ही शेजाऱ्याचंही नाव घालू शकता. खरी गोम पुढे आहे. नॉमिनीला बँक पैसे देते, म्हणजे बँक मोकळी होते. नॉमिनी मालक होत नाही, वारस त्याच्याकडून ते मागू शकतात. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा हेच सांगितलं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलं तरी फ्लॅटची मालकी त्यानं ठरत नाही, हे तर सोसायटीच्या सेक्रेटरींनाही समजावताना माझा घसा सुकायचा.

आणखी एक घ्या. नवऱ्यानं राहतं घर बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर सेस वगैरे. तेच घर या दोघांपैकी एकानं दुसऱ्याला द्यायचं म्हटलं तर शुल्क बाजारभावाच्या टक्क्यांत. शिवाय आयकर. वर्षाला ५० हजारांच्या वरची भेट नातेवाइकाकडून आली तर करमुक्त, ‘मित्रा’कडून आली तर उत्पन्न. याच मुद्द्यावर एक जोडपं २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात गेलं आहे. आता सांगा, लग्न हा हट्ट आहे का?

समलिंगी विवाहावरचा सुप्रीम कोर्टाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल बहुतेकांच्या लक्षात असेल. लग्नाचा मूलभूत हक्क संविधानात नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. निदान नागरी सहजीवनाला (म्हणजे लग्न न म्हणता कायद्यानं मानलेल्या जोडीला) तरी मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन, आणि दोनांत सरन्यायाधीश चंद्रचूड. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. विषय संसदेचा, असं कोर्ट म्हणालं. संसदेत सामसूम.

पण विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यालाही त्यावर कायदा करता येतो, ही गोष्ट या चर्चेत कुणी काढतच नाही. तामिळनाडूनं १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या काळात हिंदू विवाह कायद्यात स्वतःचं कलम घातलं आणि भटजीशिवाय होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. अमेरिकेत तरी काय झालं? २००४ मध्ये एकट्या मॅसॅच्युसेट्समध्ये लग्नं सुरू झाली. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये मिळालेला हक्क काही महिन्यांत मतदानानं काढूनही घेतला गेला. २०१२ मध्ये तीन राज्यांनी मतदानानंच तो दिला. २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सगळ्या देशाला लागू केला, तोवर बहुतेक राज्यांत लग्नं लागत होती. आपल्याकडे केंद्राच्या कायद्यात राज्यानं बदल करायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते, तेव्हा दिल्लीला वळसा घालता येणार नाही, हे मलाही कळतं. तरी विधेयक येऊ द्या, विधानसभेत कुणाला तरी उभं राहून बोलावं लागू द्या. २०२३ मध्ये केंद्रानं राज्यांची मतं मागवली तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामनं सरळ विरोध कळवला. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रानं? आणखी वेळ मागितला!

मी सप्तपदीत बदल करा म्हणत नाही. ज्याचा धर्म त्याला लखलाभ. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोंदणी होऊ द्या, एवढंच. (त्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीसही काढा. घरच्यांपासून लपून लग्न करणाऱ्या मुलामुलींना ती नोटीस म्हणजे घरी धाडलेला सांगावाच.)

‘समाज अजून तयार नाही’ हे पालुपद पुण्यात तरी कुणी लावू नये. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी पुण्यात लग्न केलं १८९३ मध्ये, आणि तरीही मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. कायदा होऊन ३७ वर्षं झाली होती आणि समाज तयार नव्हताच. पण कायदा होता, म्हणून त्या लग्नातली मुलं औरस होती आणि बाईला बायकोचे हक्क होते. रोज कर्वे पुतळ्यावरून जाणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

समलिंगी लग्न तैवाननं २०१९ मध्ये कायदेशीर केलं, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली. या देशांत कुटुंबसंस्था बुडाल्याची बातमी अजून आलेली नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. माझ्या ओळखीत अशी जोडपी आहेत, काही उघडपणे, काही ‘रूममेट’ म्हणून. त्यांना सांगते, नॉमिनेशनवर विसंबू नका. दोघांनीही मृत्युपत्र करा, तब्येत ठणठणीत असताना करा, आणि रजिस्टर करून घ्या. घराच्या हप्त्यात ज्याचा वाटा, त्याचं नाव आधीच करारात घाला, नंतर घालायला गेलात तर शुल्क भराल. साक्षीदार दोन लागतात. कुणी मिळत नसेल तर मेसेज करा, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत मी येईन. येताना आधार कार्ड विसरू नका.