बॉर्डरवरून पलीकडे कसे जावे

रक्ततपासणीच्या अहवालात उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीए१सी ६.१ असे आकडे ठळक अक्षरांत छापून आले असतील, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम, किंवा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीमध्ये ५.७ ते ६.४ टक्के, या पट्ट्यात जो बसतो त्याला डॉक्टर मंडळी पूर्वमधुमेही म्हणतात, आणि आपण ‘शुगर जरा बॉर्डरवर आहे’ एवढे सांगून मोकळे होतो. मधुमेह १२६ आणि ६.५ या आकड्यांपासून सुरू होतो. म्हणजे अंतर थोडेच उरले आहे आणि ते कापायला फारसे कष्टही पडत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १३ कोटी ६० लाख माणसे याच पट्ट्यात आहेत, तेव्हा वाटेत सोबत नसेल ही भीतीही बाळगू नये.

अहवाल कपाटात ठेवण्यापूर्वी ‘मला काही त्रास होतो का?’ असे स्वतःला एकदा विचारावे. उत्तर बहुधा नकारार्थीच येईल, कारण या अवस्थेत ना तहान वाढते, ना रात्री वारंवार उठावे लागते. आत काय चालले आहे ते पाहण्याच्या भानगडीत पडू नये. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देईनासे झालेले असतात, त्यामुळे स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन पुरवून साखर कशीबशी ताब्यात ठेवत असते, आणि त्याची ही जादा पाळी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. ज्या दिवशी ते थकेल त्या दिवशी अहवालात दिसेलच; तोपर्यंत त्याचा भार हलका करून त्याला विनाकारण लाडावून ठेवू नये.

आपण सडपातळ असाल तर काम आणखी सोपे आहे, कारण ‘मी कुठे जाडा आहे?’ या प्रश्नापुढे घरातले सगळे निरुत्तर होतात. फक्त पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापासून सावध राहावे. त्यांचे आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे अगदी सारखा. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे असूनही पोटात चरबी साठवण्याची ही भारतीय कला वजनकाट्याला दिसत नाही, मात्र टेपला दिसते, म्हणून टेप घरात ठेवू नये. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर झाली की धोका वाढतो, असे म्हणतात. त्यावर आपल्याकडचा सिद्ध उपाय म्हणजे पँट पोटाच्या खाली बांधणे. तसे केले की पोट कितीही पुढे आले तरी माप कॉलेजात होते तेच राहते आणि शिंप्यालाही शंका येत नाही.

आता आहार. येथे मात्र थोडे मन लावून काम करावे लागते. साखर सोडल्याची घोषणा करून त्याच क्षणी गूळ सुरू करावा. गूळ बव्हंशी साखरच असतो ही बाब चारचौघांत काढू नये. चहा बिनसाखरेचा घ्यावा आणि त्यात चार बिस्किटे बुडवावीत. आठवड्यातून एकदा उपवास धरावा आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ या परंपरेला जागून साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घ्यावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिने नावालासुद्धा नाहीत, त्यावर बटाटा आणि शेवटी केळे. पोटाला विश्रांती देण्याचा याहून गोड मार्ग नाही. सकाळी कारल्याचा रस तोंड वाकडे करून प्यावा, म्हणजे दुपारच्या जिलबीचा हिशेब आधीच चुकता होतो. ताटात डाव्या बाजूला कोशिंबीर असते ती शोभेची समजावी. उसळ आणि पालेभाजी ताटात वाढली तर भाताला जागा पुरत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

व्यायामाबाबत अमेरिकेत फार पूर्वीच अतिरेक झाला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका मोठ्या अभ्यासात पूर्वमधुमेही लोकांना वजन ७ टक्के घटवायला आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायला सांगितले गेले, आणि मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. तीच चिकाटी मेटफॉर्मिन या साखर कमी करणाऱ्या गोळीला दाखवता आली नाही. तिची मजल ३१ टक्क्यांवर थांबली. आपल्याकडे डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणे आणि खाण्यातले बदल यांनी २८.५ टक्केच घट झाली. हा आकडा पाठ करून ठेवावा, कारण ‘हे सगळे गोऱ्यांना लागू पडते हो’ हे वाक्य त्याच्या आधाराने ठासून म्हणता येते. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा तर आपल्या ध्येयासाठी सोन्यासारखा आहे: ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन घरी पाठवले होते, त्यांच्यातले ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. निम्म्याहून अधिक खात्रीचे यश, तेही बसल्या जागी! असे असताना जेवणानंतर शतपावली करून पायांना शिणवण्याचे कारण उरत नाही. दूध कोपऱ्यावर मिळते, पण स्कूटरचीही बॅटरी उतरते, म्हणून ती रोज काढावी. ट्रेडमिल घेतलीच असेल तर पावसाळ्यात त्यावर टॉवेल उत्तम वाळतात.

घरात आई किंवा वडील मधुमेही असतील तर ‘आमच्यात आनुवंशिकच आहे’ असे म्हणून प्रकरण मिटवावे. ज्याला धोका अधिक त्याने आधी जागे व्हावे, हा उलटा विचार तरुण डॉक्टर करतात. त्यांना मुरायला वेळ लागतो. झोपेची काळजी करू नये, रात्री दीडपर्यंत मोबाइल आहेच.

राहता राहिली वर्षातून एकदा करायची फेरतपासणी. ती दिवाळीनंतर, दिवाळीनंतर म्हणत संक्रांतीपलीकडे ढकलता येते. अगदीच गळ्याशी आले तर १४ नोव्हेंबरला, म्हणजे इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिवशी, जागतिक मधुमेह दिनाचे एखादे मोफत शिबिर गाठावे. जाताना घरून चहा आणि शिरा घेऊन निघावे. बोट टोचल्यावर यंत्राने १८६ दाखवले, की ‘आत्ताच खाऊन आलो ना, म्हणून वाढली’ असे रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावे, आणि उद्या सकाळी उपाशीपोटी या, असे म्हणणाऱ्या परिचारिकेला उद्या गुरुवारचा उपवास असल्याचे कळवावे.